मामा-भाच्याची शाळा

२०२३ च्या जून महिन्यात, ऐन पावसाच्या तोंडावर, माझा भाचा एक बॅग आणि एक गुंडाळलेली गादी घेऊन आमच्या दारात उभा राहिला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात त्याचे सहा विषय राहिले होते. वसतिगृहाची खोली सोडावी लागली होती, आणि साताऱ्याला आईवडिलांसमोर जावयाचे धैर्य त्याला होत नव्हते. कोठेच जाता येत नाही तेव्हा भाच्याने मामाकडे जावयाचे, ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. आमच्या सौभाग्यवतींनी एक शब्दही न विचारता ताट वाढले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले आणि एवढेच म्हटले, "आलास? बरे झाले. माझा चष्मा बदलून आणायचा आहे."

रात्री बहिणीचा फोन आला. ती रडत होती. "दादा," ती म्हणाली, "डिग्रीचे पुढे बघू. पण त्याला एखादे सर्टिफिकेट तरी मिळवून दे. चार लोकांना सांगायला काहीतरी हवे ना रे?"

त्या वाक्याचा मला त्या वेळी राग आला नाही. उलट ते अगदी व्यवहाराचे वाटले. आपल्या मध्यमवर्गीय घरांत माणूस काय करतो यापेक्षा त्याच्याजवळ कोणता कागद आहे, हा प्रश्न आधी विचारला जातो. आणि मी तर गेली वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवून असले कागद मिळवण्यासाठीच मुलांना तयार करीत आलो आहे!

भाच्याला संगणकाची आवड होती. संकेतस्थळे तयार करण्याचे शिक्षण घ्यावे असे ठरले. म्हणून आम्ही दोघे शहरातल्या एका क्लासात गेलो. काचेचे दार, गार हवा, टाय लावलेला तरुण. सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स, फी सत्तर हजार. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'शंभर टक्के नोकरी साहाय्य'. माझा धंदाच शब्दांचा असल्यामुळे मी विचारले, "साहाय्य म्हणजे हमी काय?" तो तरुण गोड हसून म्हणाला, "सर, साहाय्य म्हणजे साहाय्य." मग मी विचारले, की या क्लासातून शिकून गेलेल्या मुलांनी केलेली कामे कोठे पाहावयास मिळतील? त्यावर त्याने एक रंगीत पत्रक पुढे केले. त्यात मुलांचे फोटो होते, कामे नव्हती. आम्ही चहा न घेताच बाहेर पडलो.

त्याच आठवड्यात भाच्याने मला फ्रीकोडकॅम्पची माहिती दिली. क्विन्सी लार्सन या अमेरिकन गृहस्थाने २०१४ साली सुरू केलेली ही संस्था. नफ्यासाठी चालत नाही, आणि विद्यार्थ्याकडून फीही घेत नाही. आम्ही आरंभ केला तेव्हा तिच्या पहिल्या प्रमाणपत्राचे नाव होते 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन'. अभ्यास सुमारे ३०० तासांचा. धडे एकेका पायरीने पुढे सरकत, आणि अखेरीस पाच कामे स्वतः करून दाखवावयाची. ती कसोटीला उतरली, की प्रमाणपत्र.

"फुकटचे सर्टिफिकेट कोण विचारणार, मामा?" भाच्याने शंका काढली.

"ते पुढे बघू," मी म्हणालो. "पण तू एकटा बसणार नाहीस. मीही बसतो तुझ्याबरोबर."

तो किती दिवसांनी तरी हसला. "तू? मामा, तू अजून मोबाइलवर एका बोटाने टाइप करतोस!"

अशा रीतीने रोज रात्री नऊ ते अकरा जेवणाच्या टेबलावर आमची शाळा भरू लागली.

*

वाचकांपैकी पुष्कळांनी या विद्येचे नाव ऐकले असेल, पण तिच्या पोटात काय आहे हे पाहिले नसेल. नाटकाचा दाखला घेतला तर ते चटकन ध्यानात येईल. वेबपानाला तीन गोष्टी लागतात. पहिली एचटीएमएल. ही नाटकाची संहिता: हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र, एवढेच ती सांगते. दुसरी सीएसएस. हे नेपथ्य आणि वेषभूषा: अक्षर केवढे, रंग कोणता, समास किती. तिसरी जावास्क्रिप्ट. ही रंगमंचावरची हालचाल: बटण दाबले की काय व्हावे, चुकीची तारीख घातली तर काय सांगावे.

या सर्वांचा जन्म फार जुना नाही. जिनीव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना कागदावर मांडली. १९९१ साली त्यांनी एचटीएमएलच्या ज्या पहिल्या खुणा, म्हणजे टॅग, प्रसिद्ध केल्या, त्या अवघ्या अठरा होत्या. अठरा अध्याय, अठरा पुराणे यांत वाढलेल्या मला हा आकडा ऐकून उगाचच धीर आला! ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही सारी विद्या कोणालाही विनामूल्य वापरण्यास मोकळी केली. सीएसएसची कल्पना हॉकन व्हिउम ली यांनी १९९४ साली मांडली. आणि जावास्क्रिप्टचा पहिला खर्डा ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत लिहिला. ते दहा दिवसांचे काम शिकावयास मला मात्र वर्षे लागत आहेत.

पहिले दोन महिने उत्साहात गेले. टॅग उघडला की मिटावयाचा, ही शिस्त मला व्याकरणामुळे सोपी गेली. भाचा माझ्यापेक्षा चौपट वेगाने पुढे जात होता. गणेशोत्सवाच्या सुमारास त्याने एक दिवस जाहीर केले, "मामा, माझी पाचही कामे झाली. सर्टिफिकेट आले!"

घरात आनंदीआनंद झाला. साताऱ्याला फोन गेला. बहिणीने तेथल्या तेथे तीन नातेवाइकांना कळवले. सौभाग्यवतींनी शिरा केला.

मी तेव्हा तिसऱ्याच कामावर रखडलो होतो. रात्री मी त्याला सहज विचारले, "तुझ्या त्या पानावर पडदा लहान केला की दोन रकाने एकाखाली एक येतात. ते कसे केलेस रे?"

तो गप्प बसला. पुन्हा विचारले. तेव्हा म्हणाला, "ते आपोआप होते."

शिक्षकाला हे उत्तर ओळखू येते. 'आपोआप होते' याचा अर्थ 'मी केलेले नाही'. चार कामे त्याने चॅटजीपीटीकडून लिहून घेतली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते यंत्र लोकांच्या हाती आले आणि गृहपाठाचा प्रश्न जगभर सुटला. निदान विद्यार्थ्यांचा तरी! पाचवे काम त्याने इंटरनेटवरून उतरवले होते.

मी रागावलो. जे बोलू नये तेही बोललो. सहा विषय का राहिले ते आता कळले, असे म्हणालो. तो शांतपणे उठला, माझ्या कपाटातून एक जाडजूड फाइल काढून त्याने टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मामा, यांतल्या किती ठिकाणी तू काही शिकलास?"

ती माझ्या प्रमाणपत्रांची फाइल होती. कार्यशाळा, चर्चासत्रे, उजळणी वर्ग. पदोन्नतीसाठी लागतात म्हणून गोळा केलेली. कित्येक ठिकाणी मी मागच्या बाकावर बसून उत्तरपत्रिका तपासल्या होत्या. दोन ठिकाणी तर सही करून, चहा-बिस्किटे घेऊन जेवणाच्या सुट्टीत घरी आलो होतो. प्रत्येक कागदावर मात्र लिहिले होते, की मी 'सक्रिय सहभाग' घेतला.

मला उत्तर सुचले नाही. त्या रात्री आमची शाळा भरली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही.

*

तिसऱ्या दिवशी अण्णांनी हा अबोला मोडला. त्यांना भांडण पुरते ठाऊक नव्हते. किंवा असेल, पण त्यांनी तसे दाखवले नाही. अण्णांनी वयाच्या अठराव्या वर्षापासून बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात जुळाऱ्याचे काम केले. शिशाचे खिळे हातांनी जुळवून ओळ बांधणारा तो जुळारी. ऑफसेट छपाई आली, खिळे गेले आणि अण्णा मुद्रितशोधक झाले.

"तुमच्या त्या अभ्यासात," त्यांनी भाच्याला विचारले, "कोणातरी माणसाविषयी एक पान करायचे असते म्हणालास ना? कोणाचे केलेस?"

पाच कामांपैकी एक असे होते खरे. आदरणीय व्यक्तीविषयी एक पान रचावयाचे. यंत्राने त्याला कोणा अमेरिकन शास्त्रज्ञाचे पान करून दिले होते. भाच्याला त्याचे नावही नीट आठवेना. अण्णा हसले आणि आपल्या खोलीत गेले.

त्याच रात्री मी पाणी प्यावयास उठलो तर अण्णांच्या खोलीत दिवा होता. भाचा जमिनीवर बसून वहीत लिहून घेत होता आणि अण्णा सांगत होते: केसमधले खण कसे असत, कोणता खिळा कोठे, देवनागरीला शेकड्यांनी निरनिराळे खिळे कसे लागत, अर्ध्या अक्षरांचे वेगळे, मात्रांचे वेगळे, खिळ्यावर अक्षर आरशातल्यासारखे उलटे असते, त्यामुळे जुळारी उलटेच वाचावयास शिकतो. "प्रुफात चूक निघाली की ज्याने जुळवले त्यानेच चिमट्याने तो खिळा काढून दुसरा बसवायचा," अण्णा म्हणाले. "दुसऱ्याने बसवला तर पुढच्या वेळी तीच चूक होते."

दुसऱ्या दिवशी भाच्याने आपली पाचही पाने पुसून टाकली. मला काही सांगितले नाही. मला ते संगणकावर दिसले. प्रमाणपत्र त्याच्या नावावर होतेच, ते कोणी परत मागत नव्हते. तरी त्याने पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. अण्णांवरचे पान पुरे व्हावयास त्याला सतरा दिवस लागले. त्यात चित्रे थोडी होती, एका रकान्याची उंची शेवटपर्यंत जमली नाही, पण कोठेही बोट ठेवून विचारले, "हे कसे केलेस?" तर तो सांगू शकत होता.

*

आता या गोष्टीतला सर्वांत गमतीचा भाग.

पुढचे प्रमाणपत्र जावास्क्रिप्टचे. त्यातले पहिले काम म्हणजे, दिलेला शब्द उलटसुलट सारखाच वाचता येतो की नाही हे ओळखणारा प्रोग्रॅम लिहिणे. आपण लहानपणी 'चिमा काय कामाची' म्हणून खेळत असू, तोच प्रकार. भाच्याने या वेळी स्वतः डोके खाजवून तो लिहिला. इंग्रजी शब्दांच्या साऱ्या चाचण्या उतरल्या. काम पास झाले.

मी म्हटले, "मराठी शब्द घालून बघू." त्याने 'नवजीवन' घातले. उत्तर आले, होय, उलटसुलट सारखा. आम्ही खूष! तेवढ्यात सौभाग्यवती भाजी निवडीत होत्या, त्या म्हणाल्या, "कोथिंबीर घालून बघा." घातले. उत्तर आले, होय, उलटसुलट सारखा! मग वांगे घातले, दुधी भोपळा घातला, संपूर्ण मंडई घातली. प्रत्येकाला होकारच.

भाचा एक तास डोके धरून बसला. मग ओरडला, "सापडले!" इंग्रजी अक्षरे आणि आकडे सोडून बाकीचे सारे, म्हणजे स्वल्पविराम, मोकळी जागा वगैरे, पुसून टाक, असे त्याने प्रोग्रॅमला सांगितले होते. त्या हुकमात आपली देवनागरी सबंधच पुसली जात होती. मागे उरत होते शून्य. आणि शून्य उलटे वाचले काय, सुलटे वाचले काय, सारखेच!

ती चूक त्याने काढली. पुन्हा 'नवजीवन' घातले. आता उत्तर आले, नाही.

हे का झाले ते सांगतो. संगणकाला अक्षरे कळत नाहीत. प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो, तेवढा कळतो. युनिकोड या जगन्मान्य पद्धतीत देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ हे क्रमांक राखून ठेवले आहेत. 'नवजीवन' आपल्याला पाच अक्षरांचा शब्द दिसतो. संगणकाला मात्र त्यात सहा चिन्हे दिसतात. न म्हणजे २३४४, व म्हणजे २३५७, ज म्हणजे २३३२, दुसरी वेलांटी २३६८, पुन्हा व आणि पुन्हा न. हे उलटे केले की वेलांटी ज च्या आधी येते आणि व ला जाऊन चिकटते. 'नवजीवन'चे 'नवीजवन' होते.

"परीक्षेत मराठी शब्द नाहीच आहे, मामा," भाचा म्हणाला. "काम पास झालेले आहे. सोडून देऊ या?"

मी काही बोललो नाही. अण्णा पलीकडे आरामखुर्चीत होते. ते म्हणाले, "आमच्याकडे वेलांटी हा निराळा खिळा असे. पण ओळ हलवताना ज आणि वेलांटी एकत्र धरून उचलायची. वेलांटी सुटली की ओळ गेली."

भाच्याने अण्णांकडे पाहिले, मग पडद्याकडे. त्या रात्री तो दोन वाजेपर्यंत बसला. शब्द उलटा करण्यापूर्वी प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी तिच्या अक्षराला बांधून टाकावयाची. पाय मोडलेले अक्षर पुढच्याशी जोडून एकच जोडाक्षर धरावयाचे. आणि मग ही बांधलेली अक्षरे उलटी लावावयाची, असा त्याने बेत केला. सकाळी मी उठलो तेव्हा पडद्यावर 'नवजीवन' होते आणि खाली होकार होता. कोथिंबिरीला नकार होता. भाचा टेबलावर डोके ठेवून झोपला होता.

मी वीस वर्षे वर्गात अक्षर म्हणजे काय, हे शिकवीत आहे. 'ज्ञानेश्वर' या शब्दात संगणक दहा चिन्हे मोजतो आणि आपला कान चार अक्षरे मोजतो. अभंगाच्या चरणातली अक्षरे मोजताना आपण कानावर विसंबतो. तो कान यंत्राला द्यावयाचा तर व्यंजने आणि स्वर मोजून त्यांतून मोडलेले पाय वजा करावे लागतात, हे मला त्या सकाळी भाच्याने कागदावर मांडून दाखवले. सहा व्यंजने, वजा दोन पाय, बरोबर चार! त्या वर्षी मी बी.ए.च्या वर्गाला छंदांचा धडा याच रीतीने शिकवला. मागच्या बाकावरची मुले प्रथमच पुढे वाकून ऐकत होती.

*

पुढे काय झाले, हे वाचकांना हवेच असणार. नोकरी लगेच मिळाली नाही. अकरा ठिकाणचे अर्ज उत्तरावाचून गेले. तीन ठिकाणी डिग्री नाही म्हणून नकार आला. मध्यंतरी अण्णांच्या एका जुन्या मित्राच्या लग्नपत्रिकांच्या दुकानाचे संकेतस्थळ त्याने करून दिले. आयुष्यातली पहिली कमाई सात हजार रुपये. अखेर २०२४ च्या डिसेंबरात एका लहानशा कंपनीने त्याला मुलाखतीस बोलावले. त्याने प्रमाणपत्रांच्या छापील प्रती नेल्या होत्या. त्या कोणी उघडल्या नाहीत. समोरच्या बाईंनी विचारले, "तुम्ही स्वतः केलेले काही दाखवा." त्याने अण्णांचे पान दाखवले आणि मग 'नवजीवन'ची कथा सांगितली. त्या बाईंनी त्याला पाऊण तास त्याबद्दलच प्रश्न विचारले.

पगार फार नाही. डिग्री अजून अपुरीच आहे. राहिलेल्या सहांपैकी चार विषय त्याने सोडवले, दोन बाकी आहेत. त्याने काही आकाशाला हात लावला नाही. पण साताऱ्याला जाताना त्याला आता मान खाली घालावी लागत नाही.

पुष्कळ पालक मला विचारतात, मुलाला असा कोर्स लावू का? मी एवढेच सांगतो. फी भरण्यापूर्वी कोर्सात काय शिकवतात हे विचारण्याऐवजी, मुलाकडून काय करवून घेतात हे विचारा. मागच्या मुलांची कामे पाहावयास मागा, फोटो नकोत. 'हमी' आणि 'साहाय्य' यांत गल्लत करू नका. फुकट म्हणून कोणताही अभ्यास हलका समजू नका, आणि महाग म्हणून थोर समजू नका. शक्य असेल तर पहिले दोन महिने मुलाशेजारी बसा. तुम्हाला काही येत नसले तरी चालेल. 'हे कसे केलेस?' एवढा प्रश्न विचारता आला म्हणजे पुरे.

आता यंत्रच प्रोग्रॅम लिहून देते, मग शिकावयाचे कशाला, असेही कोणी म्हणेल. यंत्र लिहून देते हे खरे. पण कोथिंबिरीला होकार आला की हे काहीतरी चुकले, असे ज्याला वाटते, तो माणूस घरात लागतोच. तो घडवण्यास दुसरा मार्ग मला दिसलेला नाही.

प्रमाणपत्राची मी निंदा करीत नाही. त्याच्या निमित्तानेच आम्ही रोज रात्री टेबलाशी बसलो. परंतु त्या प्रमाणपत्राने 'नवजीवन' हा शब्द कधीच मागितला नव्हता. मागितले तेवढे करून भाचा थांबला असता तर हाती एक कागद आला असता. न मागितलेले करावयास तो बसला, तेथून त्याचे शिक्षण सुरू झाले.

बहिणीने ते पहिले प्रमाणपत्र चौकटीत घालून साताऱ्याच्या दिवाणखान्यात लावले आहे. त्याची खरी हकीकत तिला हा अंक वाचूनच कळेल. येत्या भाऊबिजेला ती ओवाळावयास येणार आहे, तेव्हा काय ते बोलेल!

माझे म्हणाल, तर जावास्क्रिप्टचे पाचवे काम अजून अडले आहे. दुकानाच्या गल्ल्यातून गिऱ्हाइकाला मोड परत करणारा प्रोग्रॅम लिहावयाचा आहे, आणि माझा गल्ला दर वेळी काही पैसे जास्तच परत करतो. सौभाग्यवती म्हणतात, हा दोष प्रोग्रॅमचा नसून माणसाचा आहे. भाचा रात्री नऊ वाजता कामावरून येतो, चपला काढता काढताच विचारतो, "मामा, अभ्यास झाला का?" आणि मी मुकाट्याने टेबलाशी जाऊन बसतो.